वनदृश्याचा पडदा अजून नदीकाठीच का आहे

अड्याळ,
कोजागिरी झाली, धान पिवळे पडू लागले.

प्रिय टेकचंद यास,

आनंदरावचा मानाचा जय भीम, आणि तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे रामरामही (दोन्ही ठेवून घे, सध्या एकाने तुझा राग उतरेल असे वाटत नाही). राधावहिनींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी अजून पडायची आहे, तरी राधावहिनींनी विणलेली ती लाल कानटोपी तू आत्तापासूनच घालून बसला असशील, याची मला खात्री आहे. खाणीतून आपण दोघे निवृत्त झालो तेव्हा दोस्तांनी एकाच ताग्यातून दोघांना करडे सफारी शिवून दिले होते. माझा मला अंगभर झाला आणि तुझी पँट घोट्याच्या वीतभर वर राहिली. तेव्हा शिंपी बिचारा म्हणाला होता की कापडाचा दोष नाही, पायांचा आहे. ते पाय सांभाळ. इतके लांब पाय म्हटले की दुखणेही लांबच चालते. इकडे मी ठीक, रत्नमाला ठीक, रश्मी नागपूरला नोकरीत ठीक. वर्षावास नुकताच संपला, त्यामुळे रोज संध्याकाळी विहारात वाचनाला जाणारी रत्नमाला आता संध्याकाळी घरीच असते आणि मला वाचत असते.

परवा बाबुलाल पिकअप घेऊन आला होता. तुझा निरोप त्याने जसाच्या तसा सांगितला, म्हणजे शिव्यांसकट (तुझ्या नाट्य मंडळाचा प्रॉम्प्टरच तो, एक शब्द गाळत नाही). तुमच्या एकोडीच्या मंडईच्या आधी वनदृश्याचा पडदा पोचला नाही तर तू माझे तोंड पाहणार नाहीस, रश्मीच्या लग्नाला येणार नाहीस आणि माझ्या मयतीलाही येणार नाहीस, असे कळले. मयतीचे मी समजू शकतो, गुडघे दुखतात. पण बाकीचे मनाला लागले. दिवाळी झाली की मंडईची जत्रा, मंडई म्हटली की रात्रभराचे नाटक, आणि नाटक म्हटले की दुसऱ्या अंकात तू ऋषी होऊन झोपडीतून बाहेर येणार, हे मला कळत नाही असे नाही. चिखल्याच्या खाणीत आपण जन्म काढला, तिथल्या कॉलनीत तुझी किती नाटके मी समोर बसून सोसली आहेत. तरीही बाबुलालला मी पडद्याऐवजी शिंगाड्यांचे पोते देऊन परत पाठवले. ते तू रागाने गुरांपुढे टाकले नसशील तर उकडून खा, गोड आहेत. आणि पडदा का दिला नाही, त्याचा खुलासा शांतपणे वाच. पाणी पिऊन बसलास तर जास्त बरे.

तुला आठवत असेल, निवृत्तीनंतर रश्मीने मला दुर्बीण आणि पक्ष्यांचे पुस्तक आणून दिले. त्याचे कारण असे की मी घरात बसून सारखा छताकडे बघत असे. सवय, दुसरे काय. इतकी वर्षे जमिनीखाली काम केले. वर पाहिले की छत, आणि ते पडते की राहते एवढीच चिंता. तिला वाटले, बाबांनी आता आभाळ पाहावे. मग मी स्कुटी काढून नदीकडे जाऊ लागलो. आपल्या वैनगंगेचे पाणी धरणामुळे फुगून माझ्या साळ्याच्या धानाच्या बांध्यांपर्यंत येते आणि हिवाळ्यात तिथे इतकी पाखरे उतरतात की कोणते कोणते हे ओळखायला पुस्तक उघडावे, तोवर ती उडून जावीत. उडण्याचे कारण मी होतो. मला खोकला आहे, अंगात पांढरा शर्ट होता, आणि प्रत्येक पाखराला मी मोठ्याने नाव विचारत होतो. रश्मी म्हणाली, बाबा, आडोसा लागतो, पक्ष्यांना तुम्ही दिसायला नको. आता आडोसा म्हटल्यावर झाडे, धबधबा, हरणे आणि झोपडी असलेला अख्खा जंगलाचा पडदा ज्याच्या दोस्ताकडे वर्षभर गुंडाळून पडलेला असतो, त्याने गवताच्या पेंढ्या का बांधाव्या? गेल्या मंडईनंतर मी तुझ्याकडे मागितला आणि तू मोठ्या मनाने दिलास. ते मोठे मन कृपा करून या पत्राच्या शेवटपर्यंत तसेच राहू दे.

पडदा मी बांबूवर ताणून उभा केला, चित्राची बाजू पाण्याकडे. बदकांना वाटावे, वा, काय घनदाट वन आहे. मागे मी स्टुलावर बसलो आणि ऋषीच्या झोपडीच्या दारातून दुर्बीण बाहेर काढली (होय, दाराला मी भोक पाडले आहे. भाजीच्या सुरीने, अगदी नीट गोल. नाही तरी दार उघडेच असायला पाहिजे ना, तू बाहेर कसा येतोस?). पहिल्या दोन सकाळी काय बहार आली म्हणून सांगू. शीळ घालणाऱ्या अडया बदकांचे थवे आले, चक्रवाक आले, शेकाट्या माझ्यापासून हाकेच्या अंतरावर चिखल उपसत फिरला. तिसऱ्या दिवशी मात्र दुर्बिणीला डोळा लावला तर समोर बदक नाही, एका बाईचे तोंड, आणि ती मुरमुरे खाते आहे. दुर्बीण बाजूला करून पाहिले तर काठावर बोऱ्या अंथरून निम्मे गाव बसलेले. टेकचंद, यात त्यांची चूक नाही. आपल्या झाडीपट्टीत हिवाळ्यात कुठे पडदा ताणलेला दिसला की माणूस कशाचे म्हणून विचारत नाही, घरी जाऊन बोरी आणतो आणि जागा धरतो. कापणीहून परतणाऱ्या बायकांनी तो पाहिला आणि बातमी तीन गावांत पसरली. एक आलुबोंडेवाला कढई घेऊन आला होता. मी मागून बाहेर आलो तर टाळ्या पडल्या.

मी हात जोडून सांगितले की नाटक नाही, मी पाखरे बघतो आहे. कोणी उठले नाही. त्यांना वाटले, सुरुवातीचा विनोदी प्रवेश चालू आहे. पहिल्या ओळीतल्या एका म्हातारीने तर मला आपुलकीने विचारले, "काहून जी, हिरोईन अजून आली नाही का?" मग मी पुस्तक उघडून चक्रवाकाची माहिती देऊ लागलो. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते आणि रात्रभर दोघे साद घालतात असे जुने लोक म्हणत, एवढे सांगितले आणि बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. मागून कोणीतरी गाणे म्हणा म्हणून ओरडला. शेवटी मी एक भीमगीत म्हटले, त्याला वन्स मोअर मिळाला (तुझ्या ऋषीला आजपर्यंत मिळाला आहे का? सहज विचारतो). गंमत अशी की इतक्या गोंधळात बदके एक वावभरसुद्धा हलली नाहीत. उलट सांडलेल्या मुरमुऱ्यांसाठी जवळ आली. म्हणजे त्यांना माणसांचे वावडे नव्हते, फक्त माझ्या खोकल्याचे होते. आलुबोंड्याच्या तेलाचा एक हात तुझ्या धबधब्याला लागला आहे, पण त्याने पाणी उलट चमकदार दिसते.

उन्हाळ्यात पाणी उतरले, वाळू उघडी पडली, आणि डोमाने दरवर्षीप्रमाणे नदीच्या पात्रात डांगरवाडी लावली. डोमा म्हणजे आमच्याकडचा ढिवर, पावसाळ्यात मासे धरतो आणि उन्हाळ्यात डांगरं-टरबुजं पिकवतो. त्याने माझा पडदा पाहिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की एवढी सावली साऱ्या पात्रात कुठे नाही. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्याची टरबुजं. गिऱ्हाईक येऊन हरणावर हात ठेवून भाव करू लागले. त्यातच मी दुर्बीण घेऊन थोडा पुढे वाळूत बसायला गेलो आणि आभाळातून चोचींचा मारा सुरू झाला. नदी सुरय नावाचे देखणे, काळ्या डोक्याचे पाखरू आहे; ते उघड्या वाळूवरच अंडी घालते आणि ती वाळूसारखीच दिसतात. माझे स्टूल नेमके त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत होते. डोमा लांबूनच म्हणाला, "भाऊ, तुमी त्यायच्या घरात जाऊन बसून राहिले, मंग ते काय आरती करतीन?" दुसऱ्या दिवशी मी खाणीतला टोप घालून गेलो, दिव्यासकट. सुरयांनी तेव्हा चोची आवरल्या आणि शिटण्याचा मार्ग धरला. स्टूल मागे घेतले, पडदाही मागे घेतला, पण पाखरे दूरदृष्टीची असतात. तुझ्या चितळांच्या अंगावर आता पूर्वीपेक्षा जास्त ठिपके आहेत, एवढे तुला पाहताक्षणी जाणवेल. रत्नमालेचे म्हणणे, चितळाला ठिपके शोभतातच.

आता मुद्द्यावर येतो, कारण इथपर्यंत वाचून तू काठी शोधू लागला असशील. पावसाळा लागला, नदी पुन्हा बांध्यांपर्यंत आली, धानाचे रोवणे सुरू झाले, आणि एके सकाळी साळ्याच्या बांधीत एक सारस उतरला. एकटाच. हे पाखरू तू पाहिले नसशील असे म्हणवत नाही, तू आरसा पाहतोस. करडे अंग, लाल डोके आणि पाय असे की बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहिला तर माणूस वाटावा. पूर्वी हे आपल्याकडे जोडीने दिसायचे, आता एखादा दिसला तरी गाव सांगत फिरते. सारस जन्माची जोडी करतो म्हणतात. याची जोडीदारीण कुठे गेली, विजेच्या तारेला लागली की काय झाले, ते कोणालाच माहीत नाही. तो सकाळी यायचा, मान वर करून हाक द्यायचा, आणि पलीकडून उत्तर येते का म्हणून कान देऊन उभा राहायचा. खरे सांगतो, मला ते ऐकवत नसे. मी दुर्बीण खाली ठेवून पुस्तक चाळत बसे.

आणि मग त्याला तुझा पडदा दिसला. तुला आठवते, श्यामराव पेंटरला तू धबधब्याशेजारी राजहंस काढ म्हणाला होतास, आणि त्याने असा हंस काढला की पायच संपेनात. शेवटी त्याने हंसाचे डोके लाल रंगवले आणि हा सारस आहे म्हणून मोकळा झाला. पाय त्याने तुझेच समोर ठेवून काढले, अशी तेव्हा कॉलनीत बोलवा होती. तुम्ही दोघे त्यावरून महिनाभर बोलत नव्हता. तर त्या सारसापुढे हा जिवंत सारस येऊन थांबला. मान वाकवली. एक हाक दिली. मग पंख उघडून जो नाचायला लागला, की रोवणाऱ्या बायका कंबर सरळ करून चिखलात उभ्या राहिल्या. उड्या मारी, गवताची काडी चोचीने वर फेके, पुन्हा वाकून नमस्कार करी. बायकांनी त्याला नवरदेव म्हणायला सुरुवात केली आणि बांधीतली गाणी लग्नाची झाली. मी झोपडीच्या भोकातून पाहत होतो. त्याला काय वाटले कोण जाणे, जवळ येऊन त्याने भोकाला डोळा लावला. दुर्बिणीत सारसाचा डोळा मावत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी स्टुलावरून पडलो. त्याने मात्र मला सासऱ्याचा मान देऊन सोडून दिले.

तेव्हापासून तो रोज येतो. सकाळी येतो, चित्रापाशी उभा राहतो, आसपास चरतो, मधूनच एखादी काडी आणून तिच्या पायाशी ठेवतो. मुख्य म्हणजे त्या हाका थांबल्या. मधे पावसाची झड आली आणि गेली, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. आता धान पिकत आले, कमळपक्षी पिले घेऊन पानांवरून चालत आहेत, लवकरच उत्तरेकडची बदके यायला लागतील आणि वर्षाचा फेरा पूर्ण होईल. अशा वेळी बाबुलाल पिकअप घेऊन येतो आणि पडदा सोडा म्हणतो. तूच सांग, मी कोणत्या तोंडाने सोडू? त्या पाखराला आधीच एकदा भोगावे लागले आहे.

म्हणून माझा साधा प्रस्ताव असा की पडदा नाटकाकडे येण्याऐवजी नाटकाने पडद्याकडे यावे. यंदाची मंडई एकोडीला होऊ दे, पण नाटक इथे साळ्याच्या बांधीत करू. धान कापून होईल, जागा मोकळी, पब्लिकला वाट माहीत आहे, आलुबोंडेवाला तर वर्षभर मला विचारतो आहे. दुसऱ्या अंकात जिवंत सारस रंगमंचावर, असे साऱ्या भंडारा जिल्ह्यात कोणी केले नसेल. मंडळाला विचारून कळव. राधावहिनींना सांग, रत्नमाला आठवण काढते.

तुझा
आनंदराव

ता. क. रत्नमालेने पत्र वाचले आणि झडीबद्दल लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही. तर, झडीत मी पडदा गुंडाळून घरी आणला होता, शपथ. पण नवरदेव त्या मोकळ्या बांबूंमध्ये उभा राहून दिवसभर हाका मारत राहिला, आणि त्या आमच्या घरापर्यंत येत होत्या असे नाही, पण मला ऐकू येत होत्या. रत्नमाला माझ्यासोबत छत्री घेऊन आली, त्याला पाहिले आणि म्हणाली, "एकटा रडून राहिला तो. भिजू द्या पडदा. भाऊजींले मी सांगतो." तिने अजून तुला सांगितलेले नाही, म्हणून मीच लिहितो. पडदा भिजला. श्यामरावचे रंग डिंकात कालवलेले पावडरचे. झाडे पहिल्या दिवशी गेली, धबधबा दुसऱ्या दिवशी वाहून गेला (तो तरी त्याच्या स्वभावाप्रमाणे गेला), चितळे ठिपक्यांसकट साळ्याच्या धानात उतरली. आता पांढरे कापड आहे आणि त्यावर सारस तेवढा एकटा उभा आहे, कारण तुमच्या भांडणानंतर श्यामरावने हट्टाने तो दाराच्या ऑइलपेंटने पक्का केला होता. भोकही जागेवर आहे. वरचा नाटकाचा प्रस्ताव त्यामुळे रद्द समज. जंगलच नाही तर दुसरा अंक कुठे करणार.

ता. क. दुसरा. चिडू नको, तोड काढली आहे. पडदा नेऊन श्यामरावकडून वन पुन्हा रंगवून घे, रंगाचे डबे मी आणून ठेवले आहेत, मंडईला अजून अवकाश आहे. बाबुलाल म्हणाला की श्यामरावचा हात आता थरथरतो, पण झाडाला हात थरथरला तरी चार पाने वाढतात, बिघडत काही नाही. सारस मात्र तो नव्याने काढू शकणार नाही, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. तुला वाटेल, मग तेवढा तुकडा कापून आनंदरावला देऊन टाकावा. तू देशीलही, मला ठाऊक आहे. पण दोस्ताच्या पडद्याला कात्री लावणारा मी नव्हे (भोक सुरीने पाडले होते).

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरे यासाठीच लिहिले. पडदा घेऊन जा, माझी काही तक्रार नाही. फक्त न्यायला बाबुलालला पाठवू नको, तू ये. निवृत्त झाल्यापासून तू इकडे एकदाही आलेला नाहीस. पडदा पिकअपमध्ये एकोडीला जाऊ दे, तू मात्र रंग वाळेपर्यंत इथेच राहा. येताना तो करडा सफारी आण, ज्याची पँट वर राहते, आणि लाल कानटोपी घालूनच ये, बांधीत सकाळी गारवा असतो. गुडघ्यांची काळजी करू नको. नाचायचे त्याचे तो नाचेल, तुला नुसते उभे राहायचे आहे. बाजूला स्टुलावर मी असतोच.